युएक्समधलं गुणात्मक संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान युएक्समध्ये (युझर एक्सपीरियन्स, म्हणजे एखादी गोष्ट वापरताना माणसाला येणारा अनुभव) नव्याने आलेल्यांसाठी आहे, आणि त्यांना "रिसर्च झाला का? शुक्रवारपर्यंत होईल का?" असं विचारणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरांसाठीही. वर्गात आणि मीटिंगमध्ये जे प्रश्न हमखास येतात तेच घेतले आहेत. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत. ती वेगळी काढत बसलेले नाही.

गुणात्मक संशोधन म्हणजे नेमकं काय?

थोड्या लोकांकडे बारकाईने आणि जवळून पाहणं. समजा अ‍ॅनालिटिक्स (साइटवर किती जण काय करतात याची आपोआप होणारी नोंद) सांगतंय की पैसे भरायच्या पानावरून शंभरातले चाळीस जण परत फिरतात. का फिरतात, हे ते सांगू शकत नाही. एकजण ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेला आणि परत येईपर्यंत भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं. दुसरीला चष्म्याशिवाय कार्डावरचा नंबर वाचता येईना. तिसऱ्याला घ्यायचं काहीच नव्हतं, डिलिव्हरीचा खर्च किती पडतो एवढंच बघायचं होतं आणि तो शेवटच्या पानाशिवाय कुठे दिसत नव्हता. आकड्यात तिघंही सारखेच. उपाय मात्र तीन, आणि तिसऱ्यासाठी तर पैसे भरायच्या पानाला हातही लावायला नको.

मुलाखती, जागेवर जाऊन केलेलं निरीक्षण, युझेबिलिटी टेस्ट (माणसाला काम देऊन तो ते कसं करतो ते बघणं), डायरी स्टडी (लोकांनी काही दिवस स्वतःच नोंदी ठेवणं) हे सगळं गुणात्मक. सर्व्हे, ए/बी टेस्ट (दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करणं), अ‍ॅनालिटिक्स हे संख्यात्मक. दोघांचं भांडण लावण्यात अर्थ नाही. किती, हे आकडे सांगतात. कसं आणि का, हे माणसांकडे बघून कळतं.

हे डिझाइनच्या आधी करायचं की नंतर?

दोन्ही वेळी, फक्त प्रश्न बदलतो. आधी विचारायचं की लोकांचं काम आज कसं चालतं. नंतर तपासायचं की आपण जे काढलंय ते त्यांना कळतं का. दुसऱ्यासाठी अ‍ॅप तयार होईपर्यंत थांबू नका. फिग्मा या डिझाइनच्या टूलमधला प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, पुरतो. कागदावर पेनाने काढलेले स्क्रीनही पुरतात. सगळं डेव्हलप झाल्यावर केलेल्या टेस्टमधून निघालेल्या गोष्टी पुढच्या व्हर्जनच्या यादीत जातात, आणि त्या यादीचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे.

म्हणजे लोकांना काय हवं ते विचारायचं, एवढंच ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबते.

आपण एखादी गोष्ट का केली हे आपल्याला नीट माहीत असतं, असं आपल्याला वाटतं. 1977 मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यातल्या एका प्रयोगात दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांपुढे नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ठेवून कुठला चांगला ते विचारलं होतं. चारही जोड तंतोतंत सारखे होते. तरी सगळ्यात उजवीकडचा जोड 40 टक्के लोकांनी उचलला आणि सगळ्यात डावीकडचा फक्त 12 टक्क्यांनी. कारण विचारल्यावर कुणीही जागेचा उल्लेख केला नाही. जागेमुळे निवडलात का, असं थेट विचारलं तर जवळपास सगळ्यांनी ठाम नकार दिला. ही माणसं खोटं बोलत नव्हती. विचारलं म्हणून त्यांनी कारण दिलं, आणि ते त्यांना स्वतःलाही पटलं.

तेव्हा "हे फीचर दिलं तर वापराल का?" आणि "यासाठी किती पैसे द्याल?" हे प्रश्न वहीतून खोडून टाका. माणसाला भविष्याबद्दल विचारलं की तो आपल्याला बरं वाटेल असं उत्तर देतो. त्याऐवजी मागच्या वेळी काय घडलं ते विचारा. लाईटबिलाबद्दलचं हे बोलणं बघा:

— बिल कसं भरता?
— ऑनलाइन.
— मागचं बिल आलं तेव्हा काय काय केलंत? अगदी सुरुवातीपासून सांगा.
— मोबाइलवर मेसेज आला. तो मी पुतण्याला पाठवला, नाशिकला असतो तो. त्याने भरलं आणि पावती टाकली व्हॉट्सअ‍ॅपवर.
— मग त्याचे पैसे?
— दिवाळीला येतो तेव्हा देते. तो घेत नाही, पण मी वहीत लिहून ठेवते.

पहिल्या उत्तरावर थांबलो असतो तर या बाई ऑनलाइन बिल भरणाऱ्यांत मोजल्या गेल्या असत्या. बिल भरायचं अ‍ॅप त्यांनी कधी उघडलेलंच नाही. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर बिल दुसऱ्याकडे पाठवणं सोपं करा आणि पावती दोघांनाही जाऊ द्या. ही गोष्ट कुठल्याही सर्व्हेत चौकट म्हणून छापलेली नसते, कारण ती आधी कुणाला माहीतच नसते.

आणखी एक. प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. "तो घेत नाही, पण..." हे अशा रिकाम्या जागेतच येतं. नव्या संशोधकाचं रेकॉर्डिंग ऐकताना मी आधी एवढंच बघते की तो स्वतः किती बोललाय.

आमचे युझर फारसे टेक-सॅव्ही नाहीत, म्हणून अडतात. त्यात रिसर्च काय करणार?

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन ही मानववंशशास्त्रज्ञ काम करत होती. कंपनीचं नवं फोटोकॉपी मशीन वापरायला अवघड आहे अशी तक्रार होती. तिने मशीनशेजारी कॅमेरा लावला आणि दोघादोघांना कॉपी काढायला सांगितलं. दोघं असले की आपोआप बोलतात आणि मनात काय चाललंय ते बाहेर येतं. त्यातल्या एका गाजलेल्या चित्रफितीत पाठपोट कॉपी काढताना दोघेजण पार मेटाकुटीला आलेले दिसतात. एक होते पार्कमधले संगणकशास्त्रज्ञ रॉन कॅप्लन. दुसरे अ‍ॅलन न्युएल, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संस्थापकांपैकी एक, 1975 च्या ट्युरिंग पुरस्काराचे (संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान) मानकरी.

पुढच्या वेळी कुणी "आपला युझरच अडाणी" म्हणालं की ही गोष्ट सांगा.

पाच माणसं पुरतात असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

अर्धं. आणि उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही.

जेकब निल्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी 1993 मध्ये युझेबिलिटी टेस्टसाठी एक गणित मांडलं. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या टेस्टमध्ये सरासरी 31 टक्के अडचणी दिसत होत्या. दुसऱ्या माणसाला त्यातल्या काही पुन्हा दिसतात, काही नव्या. असं करत पाच जणांत सुमारे 85 टक्के अडचणी हाती येतात. 2000 साली निल्सन यांनी हेच सोप्या भाषेत लिहिलं आणि "पाच युझर" हा जगभर मंत्र झाला. त्याच लेखात त्यांनी असंही म्हटलं होतं की पंधरा जणांचं बजेट असेल तर एकदाच पंधरा घेऊ नका. पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मधल्या वेळात डिझाइन दुरुस्त करा. मंत्र म्हणणारे हे वाक्य गाळतात. एकदा पाच माणसं बघून काम संपवणं, हा त्या लेखाचा सल्ला नव्हताच.

शिवाय 31 टक्के ही सरासरी आहे, निसर्गनियम नव्हे. 2001 मध्ये जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी खरेदीच्या वेबसाइट तपासल्या तेव्हा पहिल्या पाच जणांत फक्त 35 टक्के अडचणी सापडल्या. हिशोब स्वतः करून बघा: दहातल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत एकदा तरी दिसायची शक्यता जेमतेम 41 टक्के निघते. ती अडचण पैसे दोनदा कापले जाण्याची असेल तर?

आणि पाच म्हणजे एका प्रकारचे पाच. रिक्षावाले आणि प्रवासी दोघंही तुमचं अ‍ॅप वापरत असतील तर दोन वेगळे गट झाले.

मुलाखतींचा हिशोब वेगळा असतो. तिथे नवं काही कानावर येईनासं होईपर्यंत जायचं. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या 60 मुलाखती पुन्हा तपासून 2006 मध्ये दाखवलं की बहुतेक मुद्दे पहिल्या 12 मुलाखतींतच आले होते, आणि मुख्य सूत्रांची रूपरेषा तर सहा मुलाखतींतच दिसू लागली होती. त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या पार्श्वभूमीच्या होत्या आणि प्रश्नही ठरलेले होते, हे विसरू नका. तुमचे युझर सोलापूरच्या विडी कामगारांपासून बाणेरच्या आयटीवाल्यांपर्यंत पसरलेले असतील तर 12 चा आधार घेऊ नका.

आपल्याकडे कुणी तोंडावर वाईट बोलत नाही. मग टेस्टचा उपयोग काय?

हा खरा आपल्याकडचा प्रश्न. पाहुणा लॅपटॉप घेऊन आलाय, चहा झालाय, आता त्याच्या कामाला नावं कशी ठेवायची? त्यामुळे तीनदा चुकीचं बटण दाबूनही शेवटी "छान आहे, सोपं आहे" हेच ऐकू येतं.

यावर अपाला लाहिरी चव्हाण या भारतीय संशोधिकेने एक भन्नाट तोडगा काढला. त्याला 'बॉलिवूड मेथड' म्हणतात. विमानाचं तिकीट काढायच्या साइटची टेस्ट होती. "समजा तुम्हाला बेंगळुरूला जायचंय" असं कोरडं काम देण्याऐवजी लोकांना कथानक दिलं: तुमच्या निष्पाप, लाडक्या भाचीचं लग्न ठरलंय. अचानक कळतं की नवरामुलगा अंडरवर्ल्डचा सुपारी घेणारा आहे, आणि त्याचं आधीच लग्न झालेलं आहे. पुरावा तुमच्या हाती आलाय. स्वतःचं आणि त्याच्या पहिल्या बायकोचं बेंगळुरूचं तिकीट आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर भाची गेली!

लोक त्यात शिरले. आणि भाचीचा जीव टांगणीला लागलेला असताना साइटने आडवं लावलं की सभ्यता बाजूला पडते. माणूस चिडतो, साइटला शिव्या घालतो, आणि कुठे अडतंय ते स्पष्ट सांगतो. एरवी याच लोकांकडून अवाक्षर निघत नव्हतं.

प्रत्येक वेळी एवढं नाट्य नको. बँकेच्या अ‍ॅपला ते शोभणारही नाही. मी सहसा दोन साध्या गोष्टी करते. सुरुवातीलाच सांगते की हे मी बनवलेलं नाही, मला फक्त तपासायला दिलंय (म्हणूनच डिझायनरने स्वतःच्या डिझाइनची टेस्ट शक्यतो स्वतः घेऊ नये). आणि मत विचारायचंच झालं तर दुसऱ्याच्या खांद्यावरून विचारते: "तुमच्या आईंना हे वापरायला दिलं तर त्या कुठे अडतील?" आईच्या नावावर सगळं बाहेर येतं.

घरी जाऊन मुलाखत घेताना घरातली बाकीची माणसंच उत्तरं देतात. काय करावं?

देणारच. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासूबाई देतात, नवऱ्याला विचारलेल्याचं शाळेतली मुलगी. त्यांना गप्प करू नका. घरातला फोन कोण चालवतं, पासवर्ड कुणाला माहीत आहेत, कुणाला विचारल्याशिवाय पैसे जात नाहीत, हे त्या गलक्यातूनच कळतं. पण त्या सुनेचंही ऐकायचंय. म्हणून दोघांनी जा. एकाने बाहेरच्या खोलीत मोठ्यांशी बोलत बसायचं, आणि दुसरीने "फोन कुठे चार्जिंगला लावता, दाखवता का?" म्हणत आत जायचं. ओट्यापाशी उभ्याने झालेल्या दहा मिनिटांत सोफ्यावरच्या तासाभरापेक्षा जास्त मिळतं.

भाषा कुठली वापरावी?

तो माणूस घरी बोलतो ती. इंग्रजीत मुलाखत घेतली की लोक इंग्रजीचीच परीक्षा देत बसतात. प्रश्न छापील मराठीतही नकोत. वयाने मोठ्यांना अहो-जाहो, काका-मावशी जे सहज येईल ते. तरुण मुलांना उगाच "आपण" म्हटलं की ती आखडतात.

टायपिंगचं काम देत असाल तर त्यांच्याच फोनवर, त्यांच्या नेहमीच्या कीबोर्डवर द्या. मराठी बोलणारी कितीतरी माणसं रोमन लिपीत टाइप करतात, आणि देवनागरीची सक्ती करणारा फॉर्म तिथेच आपटतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'स्वरचक्र' कीबोर्ड जरूर पाहा. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उघडते.

ऑफिसातल्या किंवा घरच्या लोकांवर टेस्ट केली तर?

रंगीत तालीम म्हणून उत्तम. प्रोटोटाइपमधली तुटलेली लिंक किंवा न कळणारा प्रश्न तिथेच सापडतो. निष्कर्ष काढायला बाद.

फोकस ग्रुप (सगळ्यांना एकत्र बसवून चर्चा) घेतला तर एका तासात आठ जण उरकतील ना?

आठ जण बसतील, बोलतील दोघं. बाकीचे मान डोलावतील. शब्द, समजुती, चेष्टामस्करी ऐकायची असेल तर घ्या. एखादा माणूस स्क्रीनवर काय करतो हे फोकस ग्रुपमध्ये दिसत नाही.

मानधन द्यावं का?

हो. वेळ त्यांचा जातो. पण रोजंदारीवरच्या माणसाला एवढं देऊ नका की पैशासाठी तो "हो, हे अ‍ॅप मी वापरतो" म्हणून येईल. आणि टेस्ट बिनसली, मधेच सोडून गेला, तरी पूर्ण द्या.

रेकॉर्डिंगसाठी परवानगी कशी घ्यायची?

बोलून, आणि मग लिहून. चार पानी इंग्रजी फॉर्मवर सही घेणं म्हणजे संमती नव्हे. काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि नको वाटलं तर कुणाला सांगायचं, हे त्यांच्या भाषेत सांगा. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, 2023 नुसार संमती विशिष्ट कारणासाठीच असावी लागते आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं लागतं. 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं यात सापडतात, हे बऱ्याच टीमच्या लक्षात येत नाही.

स्क्रीन रेकॉर्ड करताना वरून घरंगळत येणाऱ्या नोटिफिकेशनचाही विचार करा. बँकेचा बॅलन्स, डॉक्टरांचा मेसेज, सगळं त्यात टिपलं जातं. सुरू करण्याआधी "डू नॉट डिस्टर्ब" लावून द्या, आणि चुकून आलंच तर तो तुकडा त्यांच्यासमोर काढून टाका.

मुलाखती झाल्या. आता या ढिगाचं काय करू?

आधी निरीक्षण आणि अर्थ वेगळे करा. "बटण न दिसल्याने ती गोंधळली" हा अर्थ झाला. "स्क्रीन दोनदा वरखाली केली, मागे गेली, म्हणाली 'झालं का?'" हे निरीक्षण. कदाचित बटण तिला दिसलं होतं आणि दाबायचीच भीती वाटली. चिठ्ठीवर निरीक्षण लिहा. अर्थाचं नंतर बघू. हे त्याच दिवशी करा, कारण दोन दिवसांनी आठवणीत फक्त अर्थ उरतात.

मग चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या आणि जवळ वाटणाऱ्या जवळ सरकवायच्या. ही पद्धत जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची. नेपाळमधल्या क्षेत्रकामाच्या नोंदींचं काय करायचं या पेचातून त्यांनी ती 1960 च्या दशकात घडवली. त्यांच्या नावावरूनच तिला केजे मेथड म्हणतात (जपानीत आडनाव आधी). कावाकितांचा आग्रह होता की कप्पे आधी ठरवायचे नाहीत, चिठ्ठ्यांना बोलू द्यायचं. आपण नेमकं उलट करतो: भिंतीवर आधीच "पेमेंट", "लॉगिन", "होमपेज" असे रकाने आखतो. मग निघतं काय, तर आपल्याच साइटचा नकाशा.

गटाला नाव देताना पूर्ण वाक्य लिहा. "पेमेंट" यातून काही कळत नाही. "पैसे कापले गेल्याचा बँकेचा मेसेज आल्याशिवाय लोक स्क्रीन बंद करत नाहीत" यावर डिझायनर काम करू शकतो. आणि प्रत्येक वाक्याविरुद्ध जाणारा एक तरी माणूस आपल्या नोंदींत शोधा. थेट बंद करणारी ती एकटी कोण होती, तिला भरवसा कशाने आला? बरेचदा उत्तर तिच्याकडे असतं.

व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी 2006 मध्ये मांडलेलं सहा टप्प्यांचं थीमॅटिक अ‍ॅनालिसिस (नोंदींतून समान सूत्रं, म्हणजे थीम, काढायची पद्धत) बहुतेक कोर्समध्ये शिकवतात. त्यांचा एक मुद्दा मला टप्प्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो: थीम डेटामधून आपोआप "वर येत" नाहीत, संशोधक त्या घडवतो. म्हणून एकट्याने करू नका. तुमच्याशी वाद घालेल असं माणूस भिंतीपाशी हवंच.

हे सगळं एआयकडून करून घेतलं तर?

ट्रान्सक्रिप्टसाठी जरूर वापरा, पण रेकॉर्डिंगशी ताडून बघा. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, मधे वऱ्हाडी, मागे कुकरच्या शिट्ट्या, असलं की मशीन आत्मविश्वासाने भलतंच लिहून देतं. गट पाडण्याच्या पहिल्या खेपेलाही मदत होते. ज्यांना खऱ्या माणसांऐवजी एआयलाच "तू 45 वर्षांचा शेतकरी आहेस" असं सांगून मुलाखत घ्यायची आहे, त्यांना तो सफाईदार उत्तरं देईल. नाशिकचा पुतण्या आणि वही त्यात येणार नाही.

आणि लोकांचे आवाज कुठल्याही फुकट टूलवर चढवण्याआधी वरचा संमतीचा प्रश्न पुन्हा वाचा.

अहवालात "80 टक्के युझरना अडचण आली" असं लिहू का?

पाचातले चार म्हणजे 80 टक्के, हे शाळेतलं गणित बरोबर आहे. पण एवढ्या छोट्या नमुन्यावरून सगळ्या युझरचा खरा आकडा अंदाजे 35 ते 98 टक्के यांच्यात कुठेही असू शकतो. "पाचपैकी चार जण इथे अडले" असं लिहा आणि कसे अडले ते लिहा. किती लाख लोकांना ही अडचण येते, हे अ‍ॅनालिटिक्सवाल्यांना विचारा. काय शोधायचं ते आता त्यांना सांगता येईल.

साहेब म्हणतात, "पाच लोकांवर विश्वास कसा ठेवू?" काय उत्तर देऊ?

वाद घालू नका, त्यांना एका सेशनला बसवा. तेही जमलं नाही तर दीड मिनिटाची क्लिप दाखवा, अर्थातच त्या माणसाची परवानगी असेल तर. स्लाइडवरचा मुद्दा साहेब खोडू शकतात. आपलं बटण शोधत कुणाचं तरी बोट स्क्रीनवर पाचव्यांदा फिरताना दिसलं की ते स्वतःच विचारतात, "हे बदलायला किती दिवस लागतील?" या प्रश्नाचं उत्तर डेव्हलपरकडून आधीच विचारून ठेवा.